माझ्या नावावरची उडी

लुमिंगची कारकीर्द मी खालून पाहिली आहे. बाकीच्यांनी ती मनिलाच्या स्टेडियममध्ये सावलीत बसून पाहिली, वर्तमानपत्रात पाहिली, काहींनी तर न पाहताच तिच्याबद्दल भाषणं केली. पण तिच्या टाचा कशा दिसतात हे सबंध फिलिपीन्समध्ये माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. वयाच्या सातव्या वर्षापासून त्या माझ्या नाकासमोरून जात होत्या.

आमच्या मालिनाव गावात संध्याकाळी खोबऱ्याच्या भट्ट्यांचा धूर खाली उतरायचा, आणि त्या धुरात आम्ही काट्यांचा खेळ खेळायचो. दोघी समोरासमोर पाय पसरून बसायच्या. एकीच्या अंगठ्यावर दुसरीची टाच, अशी चार पायांची चवड. तिच्यावर हात उभे, बोटं फाकलेली. हेच काटे. विरुद्ध बाजूच्या मुलींनी धावत येऊन वरून उडी मारायची. अंग सोडा, झग्याची कड जरी बोटाला लागली, तरी मेलीस.

प्रत्येक बाजूला एक आई असे. वयानं नव्हे, उडीनं. मुलगी मेली की आई तिच्या बदली उडी मारणार. आई पार झाली की मेलेली जिवंत. आईच मेली, तर मात्र सगळ्यांनी जाऊन काटे होऊन बसायचं.

इलुमिनादा मागसिनो, म्हणजे लुमिंग, नवव्या वर्षी आई झाली. मी, प्रेझेंतासिओन अब्रिगो, घरचं नाव सियोन, तिची सगळ्यात जास्त वेळा मेलेली मुलगी होते.

"सियोन, तू उडी मारतेस की चर्चमध्ये गुडघे टेकतेस?" समोरच्या काटेवाल्या पोरी विचारायच्या.

"मेली की गं परत!"

"मरू दे," लुमिंग झग्याला गाठ मारत म्हणायची. "मी आहे ना."

आणि जायची. बोटांच्या वर वीतभर हवा ठेवून, गुडघे छातीला लावून, आणि पलीकडे मांजरासारखी दोन पायांवर उभी. घराघरातून हाका सुरू व्हायच्या, दिवे लागायचे, आणि मी दिवसातून सहाव्यांदा जिवंत होऊन जेवायला जायचे.

हायस्कूलात आम्हाला रासेलिसबाई होत्या. त्या स्वयंपाक, शिवण आणि व्यायाम शिकवायच्या, आणि तिन्ही विषय एकाच शिट्टीवर चालायचे. एकदा मधल्या सुट्टीत त्यांनी लुमिंगला काट्यांवरून जाताना पाहिलं आणि हातातलं शिवण तसंच टाकलं. दुसऱ्या दिवशी मैदानात दोन वेळू उभे राहिले, त्यांना बोटाबोटाच्या अंतरावर खिळे, खिळ्यांवर आडवी बारीक काठी. पडण्यासाठी गिरणीतलं भाताचं तूस आणि गावातल्या सेबिओच्या खोबऱ्याच्या भट्टीवरची नारळाची सोडणं. सोडणांबरोबर तांबड्या मुंग्या फुकट आल्या. उडी मारून झाल्यावर लुमिंग कशी चटकन उभी राहते याचं श्रेय पुढे मनिलाच्या प्रशिक्षकांनी तिच्या पोटऱ्यांना दिलं. मी मुंग्यांना देते.

बाईंना एकच कोडं पडलं होतं.

"अगं, काठीच्या इतक्या वरून का जातेस? जरा लागली तरी चालते. पडली नाही म्हणजे झालं."

लुमिंगचा चेहरा पडला. "लागली तरी चालते?"

"चालते."

"मग बाई, ह्यात खेळ कुठे राहिला?"

प्रांताच्या स्पर्धेला प्रत्येक शाळेनं उंच उडीसाठी दोन मुली पाठवायच्या असा नियम होता. दुसरी मुलगी तेरेसिंग. तिला गालगुंड झालं. तिसरी पुरिता, तिला ते तेरेसिंगकडून मिळालं. उरले मी. सरावात माझी सगळ्यात मोठी उडी होती एक मीटर पंचवीस, तीही बाईंचा कुत्रा मागे लागल्यावर.

पण मला जायचं होतं. त्या वर्षी अध्यापिका विद्यालयाच्या प्राचार्यांनी जाहीर केलं होतं, की स्पर्धेत एक मीटर तीस पार करणाऱ्या प्रत्येक मुलीला विद्यालयात फुकट जागा, जेवणासकट. खेळाडू बाई असली की पोरं धाकात राहतात, असा त्यांचा हिशेब. आणि मला शिक्षिका व्हायचं होतं. खडूचा वास आवडायचा, आणि बसून बोलायला मिळेल अशी समजूत होती. नाहीतर मनिलात माझी मावशी ज्या बंगल्यात काम करायची तिथे तिनं माझी सोय लावून ठेवली होती. माझ्या मापाचा निळा झगा आणि पांढरा एप्रन शिवूनही पाठवला होता. तो आमच्या घरी खिळ्याला लटकत असे. आई रोज त्याची धूळ झटकायची आणि माझ्याकडे बघायची नाही.

"तीस म्हणजे किती गं?" मी जीपमध्ये लुमिंगला विचारलं.

"तुझ्या हनुवटीएवढं."

"मग होईल?"

"हनुवटी जरा खाली घे," लुमिंग म्हणाली.

लुसेनाच्या मैदानावर उंच उडीचे मुख्य पंच होते वकील बेर्दादेरो. उडीशी त्यांचा संबंध एवढाच, की नियमांचं पुस्तक त्यांच्याकडे होतं. गुण मांडायला तिकाय गावच्या शाळेतल्या सोलेदादबाई, शाईची दौत घेऊन. आणि दोन पांढऱ्या टोप्यांचे गृहस्थ एका छत्रीखाली बसले होते. ते मनिलाहून आले होते. बँकॉकच्या स्पर्धेसाठी पोरी निवडत फिरत होते. आमच्या प्रांतात असं कुणी आजवर आलं नव्हतं. रासेलिसबाईंनी सकाळपासून त्यांना तीनदा सुमान, म्हणजे केळीच्या पानात उकडलेला चिकट भात, खायला दिलं होतं.

"लुमिंग, ते बघतायत बरं का," बाई कानात म्हणाल्या.

"बघू दे. त्यांना मुंग्या चावतायत का?"

एक वीस झाली. एक पंचवीस मी कशी पार केली ते मला आजही सांगता येणार नाही. काठी खिळ्यावर नाचली आणि दया येऊन थांबली. लुमिंगनं एक तीस अशी मारली की एका पांढऱ्या टोपीनं घास हातातच ठेवला. मग माझी पाळी. पहिल्यांदा काठी पडली. दुसऱ्यांदाही पडली. तिसऱ्यांदा काठी माझ्याबरोबरच आली. तुसात पडले तेव्हा ती माझ्या गळ्यात होती.

संपलं. मला निळा झगा दिसायला लागला.

कुणीतरी काठी परत खिळ्यांवर ठेवली. मी तुसातून उठायच्या आत पाहिलं, तर लुमिंग धावण्याच्या खुणेवर उभी. झग्याला गाठ मारत होती.

"थांब, थांब," वकीलसाहेब म्हणाले. "तुझी एक तीस मघाशीच झाली."

"माझी झाली. ही सियोनची."

"सियोन कोण?"

"ही काय, तुसात बसलीय."

"तिच्या तीन उड्या झाल्या. ती बाद."

"हो ना, मेली ती. म्हणून तर मी मारतेय."

"तू कोण तिची?"

"आई."

वकीलसाहेबांनी चष्मा काढला. पुसला. पंधरा वर्षांच्या आम्हा दोघींकडे आळीपाळीनं बघितलं आणि चष्मा पुन्हा लावला. एवढ्या वेळात लुमिंग सात पावलं धावून काठीवरून पलीकडे गेली होती.

सबंध मैदान उठून ओरडलं, "जगली! सियोन जगली!" आणि सोलेदादबाईंनी, ज्या स्वतः तिकायला वीस वर्षांपूर्वी नावाजलेल्या आई होत्या, टाक दौतीत बुडवून माझ्या नावापुढे ठसठशीत खूण केली.

मला वाटलं, आता दुसऱ्या शाळा भांडणार. भांडल्याच.

"आमची हरकत नाही," तिकायचे मास्तर पुढे येऊन म्हणाले. "पण मग आमच्याही दोघी मेल्यात. आमची आई कुठाय? अरे, बोलवा चारितोला!"

"ती शेवयांचं पानसित खायला गेलीय!"

"केळीचं पान हातात घेऊन ये म्हणावं, येता येता खा!"

पाच मिनिटांत मैदानात सात आया जमल्या. एका शाळेनं दोन आणल्या, एक दमली तर दुसरी असावी म्हणून. कलिंगडाच्या गाडीवरून एक पन्नाशीची बाई चपला काढून आली आणि म्हणाली, "मी ह्या पोरीची खरीखुरी आई आहे, मला आधी मारू द्या." तिला मोठ्या प्रयासानं परत कलिंगडांकडे नेण्यात आलं.

वकीलसाहेब खुर्चीवर चढले. "हे मैदान आहे! तुमच्या घरामागचं अंगण नाही!"

"साहेब, तुम्ही लहानपणी खेळला नाहीत काय?" मागून आवाज आला.

"खेळलो."

"मग तुमची आई कोण होती?"

"माझी थोरली बहीण," वकीलसाहेबांच्या तोंडून निघून गेलं, आणि सबंध मैदान हसलं. ते खाली उतरले. लुमिंगला बाजूला घेतलं. मी तुसात बसल्या जागेवरून सगळं ऐकत होते.

"पोरी, नीट ऐक. पुस्तकात लिहिलंय, दुसरीच्या पाळीत उडी मारेल ती वर्षभर बाद. तू एवढंच म्हण, की चुकून मारली, सरावाची होती. मी विसरून जातो. हिची खूण खोडू आणि तू पुढे खेळ. ते टोपीवाले तुझ्यासाठीच थांबलेत."

"चुकून कशी मारेन? सात पावलं मोजून धावले."

"मग उडी कुणाची?"

"सियोनची."

"पुन्हा विचारतो."

"कितीदाही विचारा. सियोनची."

त्या वेळी मी म्हणू शकत होते, "माझी नाही." दोन शब्द. मला बोलता येत होतं; बोलण्याबद्दलच शाळेत शिक्षा व्हायची. मी तोंड उघडलं आणि त्यात तूस गेलं, असं पुढे मी पुष्कळांना सांगितलं. तूस गेलं नव्हतं. मी खिळ्याला लटकलेल्या झग्याचा विचार करत होते.

निकाल असा लागला, की जमलेल्या आया उडीविना परत, आणि इलुमिनादा मागसिनो वर्षभर बाद. माझी खूण खोडायला तीन पंचांच्या सह्या लागत होत्या. तिसरे पंच जेवायला गेले होते आणि जेवून घरी गेले होते. शिवाय शाई खोडली तर कागद फाटेल, असं सोलेदादबाईंचं मत पडलं. "शिक्षा देणं माझ्या हातात आहे," वकीलसाहेब पुस्तक मिटत म्हणाले, "झालेली उडी परत घेणं नाही."

छत्रीखालच्या टोप्या उठल्या आणि दुसऱ्या प्रांताकडे निघून गेल्या. पुन्हा त्या आमच्याकडे आल्या नाहीत.

परतीच्या जीपमध्ये रासेलिसबाई रुमालात नाक शिंकरत होत्या. वाटेत पानसित घेतलं. आमच्याकडे ते केळीच्या पानावरून थेट तोंडानं खायचं असतं, पण लुमिंग पान हातात धरून नुसती बसली.

"चिडलीस?" मी हळूच विचारलं.

"हळू बोल."

"रागव ना माझ्यावर. मार हवं तर."

"गप. कुणाला सांगू नकोस," ती माझ्या कानाशी आली. "झगा लागला."

"कशाला?"

"काठीला. मागची कड. जराशीच."

"पण ते चालतं ना! बाई म्हणाल्या होत्या—"

"बाईंना काय कळतंय? लागला म्हणजे लागला. मी मेले, म्हणजे तू पण मेलीस. खरं तर आपण सगळ्यांनी तिथेच बसायला हवं होतं." तिचे डोळे भरले होते. "वकीलसाहेबांनी पाहिलं नाही, सोलेदादबाईंनी पाहिलं नाही. मी पाहिलं."

बँकॉकचा तिनं उल्लेखसुद्धा केला नाही. मी माझं पानसित खाल्लं. मग तिचंही खाल्लं. भूक लागली होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

जूनमध्ये मी विद्यालयात गेले, आणि निळा झगा पुरिताच्या अंगावर मनिलाला गेला. लुमिंगनं ते वर्ष मालिनावमध्ये उड्या मारत काढलं. सान इसिद्रोच्या जत्रेत बँडच्या तालावर, पाद्रीबाबांसमोर, नगराध्यक्षांच्या वाढदिवसाला त्यांच्या भाजलेल्या डुकरावरून. बाईंनी काठी एकेक खिळा वर नेली. बघायला गावच्या कोंबड्या असायच्या.

पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत काठी परत खिळ्यावर ठेवायचं काम विद्यालयाच्या मुलींकडे आलं. उंच उडीपाशी मी उभी होते, पांढऱ्या गणवेशात. एक पन्नास पार केली तर लुमिंग मनिलाच्या राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होती. पहिली उडी चुकली. दुसऱ्या उडीत गुडघा काठीला घासला. ती तुसात उतरली, आणि काठी माझ्यासमोर खिळ्यावर डगमगायला लागली. माझ्याकडच्या टोकाला. माझ्या हातापासून बोटभर अंतरावर.

हात आपोआप वर गेला. एक बोट टेकवलं असतं तरी पुरे होतं. आमच्या प्रांतात त्याला कुणी हरकत घेतली नसती. उलट टाळ्या पडल्या असत्या.

"सियोन!" लुमिंग तुसातून किंचाळली. "हात खाली!"

मी हात खाली घेतला. काठी पडली. आया मुलींना वाचवतात. मुलींनी आईला वाचवायचं, असं त्या खेळात नाहीच.

तिसऱ्या उडीला तिच्या आणि काठीच्या मध्ये वीतभर हवा होती. वकीलसाहेबांनी झेंडा वर केला, आणि ती तुसातून उठून सरळ माझ्याकडे आली.

"धरणार होतीस?"

"हो."

"गाढव," ती म्हणाली. "फुकट जेवायला घालून हेच शिकवतात का तिथे?"

त्यानंतर सहा वर्षं देशात तिच्यावरून कुणी गेलं नाही. एक मीटर एकसष्ट हा तिचा विक्रम बरीच वर्षं टिकला. वर्तमानपत्रांनी तिला हरीण म्हटलं. "हरणाला चार पाय असतात, माझे दोनच मोजा," असं तिनं बातमीदाराला सुनावलं. एकदा क्वालालंपूरला गेली, तिसरी आली, आणि पदकाबरोबर माझ्यासाठी चहाचा थर्मास घेऊन आली. बँकॉकला मात्र तिला पुढेही कुणी नेलं नाही. दर वेळी काहीतरी आडवं यायचं. एकदा घोटा, एकदा मंत्रीसाहेबांची पुतणी.

मग पाठीवरून उडी मारायची नवी तऱ्हा आली. एका तरुण प्रशिक्षकानं तिला फिल्म दाखवली.

"पाठ करून?" लुमिंग म्हणाली. "आणि कुठे पडायचं ते बघायचं कुणी?"

मनिलात फोमची गादीही आली होती. ती तिच्यावर उताणी पडून राहिली, हातानं चाचपून पाहिलं, मुंग्या नाहीत अशी खात्री करून घेतली आणि झोपली. उठल्यावर प्रशिक्षकाला सांगितलं, की आता घरी जाते. सत्ताविसावं वर्ष होतं. जीप चालवणाऱ्या दोमेंगशी लग्न केलं आणि आमच्या घरासमोर पावाची भट्टी घातली. पहाटेच्या पावाचा वास, शाळेची घंटा आणि मी, असा आमचा गल्लीचा दिवस चाळीस वर्षं सुरू होत राहिला. खोबऱ्याच्या भट्ट्या बंद पडल्या. अंगणं गेली, त्यांच्या जागी मोटारी उभ्या राहायला लागल्या. रासेलिसबाईंना आम्ही दोघींनी पोहोचवलं. वकीलसाहेबही गेले, ते प्रांताचे न्यायाधीश झाले होते आणि, म्हणतात, फार सावकाश निकाल द्यायचे.

एवढ्या वर्षांत मी तिला एक प्रश्न विचारला नव्हता. विचारला की ती "छे गं" म्हणणार, आणि मी ते "छे गं" घरी नेऊन आरामात राहणार, इथवर माझी तयारी झाली होती. पण तोंड उघडत नव्हतं. तूस जायला आता जवळपास कुठे तूसही नव्हतं.

गेल्या महिन्यात दुपारी आम्ही तिच्या ओसरीवर बसलो होतो. ती गुडघ्यांना तेल चोळत होती.

"लुमिंग, ते वर्ष गेलं तुझं. बँकॉकचं. वाईट वाटतं का गं?"

"वाटायचं," ती म्हणाली.

ह्याची तयारी नव्हती.

"कधी?"

"जूनमध्ये. शाळा उघडायची, तू नवी छत्री घेऊन समोरून निघायचीस, मागे ती पोरांची रांग. मी भट्टीपाशी पिठाच्या हातांनी उभी. वाटायचं, ही बया माझं बँकॉक घेऊन चाललीय."

"दर वर्षी?"

"दर वर्षी. जुलैपर्यंत ओसरायचं."

"मला कधी बोलली नाहीस."

"जूनमध्ये तुला वेळ कुठे असायचा?"

मी तिच्या हातातली तेलाची बाटली घेतली आणि दुसरा गुडघा चोळायला लागले. तिनं चोळू दिला. बराच वेळ.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता काही नाही. तू निवृत्त झालीस ना, त्या जूनपासून एकदम बरं वाटतंय," ती म्हणाली. "जोरात चोळ. शिक्षिका आहेस, हातात जीव नाही."